दहापैकी किती

त्याचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटीवर टायरची काळी धूळ इतकी बसली होती की ते वाचायला कुणी थांबत नसे. सगळे त्याला दहापैकी म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागे म्हणत, आणि फोन उचलल्यावर तो स्वतःही सांगे, "हां, दहापैकी बोलतोय."

नाव पडलं ते त्याच्या एका प्रश्नावरून. जीप किंवा तसलीच आडरानात जाणारी गाडी घेऊन कुणी दारात आलं आणि "मोठे ग्रिपवाले टायर दाखवा" म्हणालं, की हा फडक्याला हात पुसत बाहेर यायचा आणि विचारायचा, "दहापैकी चिखल किती?" म्हणजे गाडी दहा किलोमीटर चालली तर त्यातले चिखलात किती आणि डांबरावर किती. त्याच्याकडे तीन तऱ्हेचे टायर असत. बारीक नक्षीचे डांबरी, मोठाल्या ठोकळ्यांचे चिखली, आणि दोघांच्या मधले, ज्यांना तो नुसतं 'मधले' म्हणे. आकडा सहाच्या वर गेला तरच चिखली. त्याखाली गिऱ्हाइकाने कितीही गयावया केली तरी हा पठ्ठ्या ढिम्म.

कारणही तो न विचारता सांगायचा. चिखली टायरचे ठोकळे एकमेकांपासून लांब असतात, चाक फिरलं की मधल्या खाचांतून चिखल बाहेर फेकला जावा म्हणून. ओल्या डांबरावर त्याच खाचा नडतात. टेकायला रबरच कमी, मग ब्रेक दाबला तरी गाडी थांबायचं सोडून सरकत राहते. "दिसायला रुबाबदार," तो म्हणायचा, "पण रुबाबावर गाडी थांबत नाही."

आता गाडीवाला माणूस चिखलाच्या बाबतीत सर्रास थापा मारतो. आठवड्यातून एकदा मुलांना शाळेत सोडणाराही छाती काढून "आठ" म्हणतो. म्हणून दहापैकीची दुसरी सवय होती. तो जुने टायर उतरवून भिंतीला उभे करी, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढी आणि एकेक टायर बोट फिरवून वाची. याला तो साक्ष म्हणे. "साहेब, तुम्ही म्हणता आठ. टायर म्हणतोय एक. तोही तुमच्या बागेतला." साहेब खजील व्हायचे आणि मधले टायर घालून जायचे. कुणी "तसं काही सांगता येत नाही बुवा" म्हणालं, तर त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "मग घरी जा. आकडा आठवला की या."

त्याची मुलगी या दुकानातच वाढली. आई लवकर गेली, घरात दुसरं कुणी नाही, त्यामुळे शाळेतून आली की पोर टायरच्या चळतीवर बसून गृहपाठ करायची. दहाव्या वर्षी तिला टायर वाचता येत होते. बाप एखादा टायर पुढे ढकलायचा आणि ती पेन्सिल चावत सांगायची, "या काकांना गाडी लावता येत नाही, कडेला घासतात." किंवा, "यांच्या घरी जायला चढ आहे." शेजारच्या बॅटरीवाल्याने एकदा मुद्दाम दुसऱ्याचा टायर आणून आपला म्हणून दाखवला, तर तिने पाचव्या मिनिटाला त्याची लबाडी पकडली. बापाला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला होता.

जावई मिळाला तो गाडीवालाच. स्वतःची जीप, आणि नदीपलीकडच्या दगडखाणीवर ती भाड्याने लावलेली. माणसं, हत्यारं, जेवणाचे डबे, सगळं खाणीवर न्यायचं आणि आणायचं. अबोल, सरळ माणूस. सासऱ्याला 'मामा' म्हणायचा आणि मामांसमोर उभं राहताना उगाचच खिशातून हात बाहेर काढायचा. सहा वर्षं झाली होती लग्नाला. दहापैकीच्या जिवाला त्या घराची काळजी अशी कधी वाटली नव्हती.

तो टायर बदलायला आला तो एका दुपारी. टायर खरंच संपत आले होते.

"या जावईबापू," दहापैकी म्हणाला, आणि सवयीने, थोडं चेष्टेनेही, विचारलं, "दहापैकी चिखल किती?"

जावयाने क्षणभर चाकाकडे पाहिलं. "नऊ," तो म्हणाला. "खाणीचा रस्ता पार गेलाय, मामा."

"मग चिखली."

"मधले चालतील की."

"अहो, नऊ म्हणता आणि मधले मागता? तिथे अर्ध्या वाटेत रुतून बसाल, मग माझी मुलगी माझं डोकं खाईल."

"नाही, म्हणजे... मधलेच बरे."

"सासऱ्याचं दुकान आहे म्हणून संकोच करता होय?" दहापैकीला आता जोर चढला. "हे माझ्याकडून. मुलीला काही कधी धड देता आलं नाही मला, एवढं तरी घ्या."

जावयाने जीपची किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. ज्याने नऊ सांगितलं आहे त्याला मधले मागता येत नाहीत. हा नियम त्याच दुकानातला होता आणि तो घालून देणारा समोर पाना घेऊन उभा होता.

जुने टायर उतरले. दहापैकीने ते भिंतीला लावले, चष्म्याला हातही घातला, आणि मग त्याला कसंसंच झालं. जावयाची झडती घ्यायची? पोराने नऊ म्हटलं आणि आपण त्याच्यासमोर चष्मा लावून ते खरं की खोटं बघत बसायचं? हे शोभत नाही. त्याने चारी टायर तोंड भिंतीकडे करून ठेवले आणि कडेवर खडूने लिहिलं, 'जावई'. मग नवे चढवले, नट आवळले, आणि हसत म्हणाला, "एरवी सांगतो गिऱ्हाइकाला, ओल्या डांबरावर जपून म्हणून. तुम्हाला कुठलं लागतंय डांबर."

जावई हसला नाही. "येतो, मामा," म्हणाला आणि गेला.

विसाव्या दिवशी सकाळी हमरस्त्यावरच्या एका वळणावर जीप घसरून पुलाच्या कठड्याला धडकली. पाऊस असा नव्हताच, नुसती भुरभुर झाली होती. कोरड्या रस्त्यावरचं तेल आणि धूळ भिजून वर आली होती. जीप रिकामी होती. जावई जागच्या जागी गेला. फोनचा चुरा झाला होता.

हमरस्ता खाणीच्या बरोबर उलट्या दिशेला होता.

मुलगी खाणीच्या कचेरीत गेली तेव्हा कारकुनाने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सांगितलं की खाण चार महिन्यांपूर्वीच बंद पडली. सगळ्या गाड्या तेव्हाच सोडून दिल्या. चार महिने नवरा रोज सकाळी डबा घेऊन "खाणीवर जातो" म्हणत घराबाहेर पडत होता आणि संध्याकाळी दमून येत होता. जात कुठे होता, ते कुणालाच माहीत नव्हतं. लोकांना मात्र लगेच माहीत झालं. लोकांना अशा गोष्टी कळायला पुरावा लागत नाही. तिकडे दुसरं घर असणार, असं जिन्यात बोललं गेलं, पाण्याच्या नळाशी बोललं गेलं, आणि शेवटी कुणीतरी भल्या बाईने तिचा हात हातात घेऊन ते तिलाच सांगितलं.

ती रडली नाही. हीच गोष्ट बापाच्या काळजाला घरं पाडत होती. तो रोज संध्याकाळी तिच्याकडे जाऊन बसायचा. ती नवऱ्याचे शर्ट काढायची, खिसे उलटे करून बघायची, घडी करायची, पुन्हा उलगडायची. एकदा म्हणाली, "बाबा, मला त्याचं वाईट वाटायला हवं ना? मला नुसता राग येतो. चार महिने मी डबा कुणासाठी भरत होते?"

दहापैकीने घडी केलेले शर्ट तेवढे उचलून कपाटात ठेवले. घरी आल्यावर त्याला झोप लागायची नाही. हमरस्ता, ओलं डांबर, ठोकळे. हे तिन्ही शब्द तो आयुष्यभर एका दमात उच्चारत आला होता. पण पोराने नऊ सांगितलं होतं ना, असं म्हणून तो स्वतःला सोडवून घ्यायचा. विचारलं होतं आपण. विचारलं होतं.

तीन आठवड्यांनी भंगारवाल्याचा ट्रक यायचा दिवस आला. दहापैकी जुने टायर बाहेर काढू लागला आणि 'जावई' लिहिलेल्या टायरपाशी थांबला. मग त्याने पहिला टायर भिंतीकडून वळवला आणि चष्मा नाकावर ओढला.

खाणीतल्या धारदार दगडांनी टायर कसा चिरला जातो ते त्याला पाठ होतं. तसले काप होते, पण जुने, कडा बोथट झालेले. त्यांच्यावरून टायर कितीतरी डांबर चालून आला होता. मागच्या दोन्ही टायरच्या कडा पार झिजलेल्या, म्हणजे गाडीत झेपत नाही इतका बोजा, तोही रोज. डाव्या टायरच्या बाजू फुटपाथच्या दगडाला घासून घासून पांढुरक्या पडलेल्या, म्हणजे दर थोड्या अंतरावर कडेला थांबणं. आणि खाचांमध्ये तांब्याच्या रंगाच्या पिना रुतलेल्या, एक, दोन, सात, अकरा. पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यांना मारतात त्या. त्या कुठे पडलेल्या असतात? दुकानांच्या मागच्या दारी, जिथे माल चढतो आणि उतरतो.

जावई खोकी वाहत होता. या दुकानातून त्या दुकानात, जो बोलावील त्याची. त्याचं दुसरं घर वगैरे काही नव्हतं. खाण गेली हे बायकोला आणि मामांना सांगायची लाज वाटली, एवढंच त्याचं पाप.

आणि दहापैकी चिखल शून्य. टायर स्वच्छ सांगत होता. ज्या दुपारी तो उतरवला त्या दुपारीही सांगत होता, चार पावलांवर, भिंतीकडे तोंड करून.

दहापैकी तिथेच फरशीवर बसला. बॅटरीवाला धावत आला. त्याने टायर पाहिले, खडूने लिहिलेला शब्द पाहिला, आणि तीस वर्षांच्या शेजारामुळे त्याला सगळं कळलं.

"ट्रक येतोय," तो हळूच म्हणाला. "टाक त्यात. कुणी बघितलंय?"

"मी बघितलंय."

"अरे, तू आत्ता बघितलंस. तेव्हा नाही."

"तेच तर."

"ऐक माझं. गेलेला परत येणार नाही. आता पोरीला बापच उरलाय, तोही घालवतोस का?"

बॅटरीवाला काही वाईट माणूस नव्हता. त्याचं बोलणं खोटंही नव्हतं. ट्रक आला, बाकीचे टायर चढले, भंगारवाल्याने त्या चारांकडे बोट केलं. दहापैकीला वाटलं, हो म्हणावं. मनापासून वाटलं. मग त्याला शर्टांच्या घड्या करणारे ते हात आठवले आणि त्याने नाही म्हणून मान हलवली.

मागच्या डाव्या बाजूचा टायर त्याने रस्त्याने लोटत नेला. टेम्पो मिळाला असता, पण त्याने पाहिला नाही. पोरं हसली, एक स्कूटरवाला ओरडला. जिना चढवून तिच्या दारात पोहोचेपर्यंत त्याचा शर्ट घामाने अंगाला चिकटला होता.

"हे काय?" ती म्हणाली.

"वाच," तो म्हणाला आणि टायर भिंतीला उभा केला.

तिने आधी बापाकडे पाहिलं, मग खाली बसली. लहानपणी बसायची तशीच, एक गुडघा टेकून. कडेवरून बोट फिरवलं, घासलेल्या बाजूवरून तळवा फिरवला. खाचेतली एक पिन नखाने उचकटून हातावर घेतली आणि उजेडाला धरली.

"खोकी," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "ओझी वाहत होता." आणि मग, तीन आठवड्यांत पहिल्यांदा, ती रडली. टायरला मिठी मारून, तोंड काळं होईपर्यंत रडली. "पाठ दुखते म्हणायचा हो, बाबा. मी म्हणायचे, जीप चालवून कुणाची पाठ दुखते का. कधी चोळूनसुद्धा दिली नाही मी."

दहापैकी उभा होता. आता निघून जावं, असं त्याला एकदा वाटलं. काम झालं होतं.

पण त्याने वाचायला शिकवलेली मुलगी होती ती. डोळे पुसता पुसता तिची नजर खडूने लिहिलेल्या शब्दावर गेली आणि तिथेच राहिली.

"हा उतरवला कधी?"

"नवे घातले त्याच दिवशी."

"तुम्ही उतरवलात?"

"हो."

"त्याला विचारलंत?"

"विचारलं. नऊ म्हणाला."

"आणि साक्ष?"

दहापैकीने चष्मा काढून हातात घेतला. "नाही बघितली. जावई म्हणून नाही बघितली. आणि तो मधले मागत होता. दोनदा म्हणाला. मीच..."

ती उठून उभी राहिली. आवाज चढवला असता, वाटेल ते बोलली असती, तर त्याला सोपं गेलं असतं. ती अगदी हळू बोलली.

"तो खोटं बोलला. मी पाठ चोळली नाही. रस्ता ओला होता. बाबा, मग दहापैकी तुमचं किती?"

त्याने विचार केला. खरोखर केला, कारण या प्रश्नाला तोंडदेखलं उत्तर द्यायची त्याची जात नव्हती. एक म्हणून पाहिलं मनात, चार म्हणून पाहिलं, नऊ म्हणून पाहिलं.

"सांगता येत नाही," तो म्हणाला.

"मग घरी जा," मुलगी म्हणाली. "आकडा आठवला की या."

तिने टायर दोन्ही हातांनी धरून आत घेतला आणि दार लावलं. दहापैकी जिना उतरून चालत दुकानाकडे गेला.