जुन्या मापाची गोळी

"झोपलो नव्हतो रे! डोळे मिटून माप आठवत होतो," टेलरमास्तर म्हणाले.

"हो ना, घोरतही मापातच होता," म्हणत पोरानं त्यांनी कापलेलं कापड टेबलावर आपटलं. कोटाचे दोन्ही पुढचे भाग डावेच. त्यात कापड गिऱ्हाइकाच्या मेलेल्या बापानं हौसेनं घेऊन ठेवलेलं. तसलं आता कुठून आणणार? "बाबा, कात्री ठेवा आता."

मास्तरांचा उभा जन्म त्या टेबलापाशी गेला होता. कात्री मागितली म्हणजे हातच मागितले.

आतून त्यांची बायको म्हणाली, "दुपारपर्यंत पेंगत असता. परवा गिऱ्हाइकाच्या पोटाला टेप लावून तसेच थिजलात. बिचारा श्वास रोखून लालबुंद झाला!"

तिनंच त्यांना डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. मास्तर घेत ती झोपेची गोळी वर्षानुवर्षांची, रात्रभर हळूहळू विरघळणारी.

"हल्ली अंगाला जड व्हायला लागली, म्हणून कात्रीनं अर्धी केली," मास्तर ऐटीत म्हणाले. "अर्धी निजताना, अर्धी पहाटे जाग आली की. कपडा ढगळ झाला की आत घेतो ना, तसं."

बाईंनी कपाळाला हात लावला. "ही गोळी कापायची नसते हो! कापली की थोडंथोडं सुटायचं ते एकदम सुटतं. आणि पहाटेचा तुकडा दुपारपर्यंत झोपवणारच."

"पण इतकी वर्षं आख्खी घेत होतो, तेव्हा ठणठणीत होतो की."

"तेव्हाचं अंग वेगळं. वय झालं की लिव्हर, किडनी मंदावतात. अंगात चरबी वाढते, औषध तिच्यात मुरून बसतं. कालचं बाहेर पडायच्या आत आजचं येऊन बसतं. त्यात मेंदूलाही थोडक्यातच गुंगी येते. गोळी तीच आहे, तुम्ही ते नाही."

"म्हणजे जुन्याच मापावर शिवत बसलो म्हणा."

एकदम बंद करायची नाही, असं बजावून बाईंनी औषध बेताबेतानं उतरवलं. झोप तुटकी झाली, पण सकाळी डोक्यातला गाळ खाली बसला. एक दिवस मास्तर पोराच्या आधी दुकानात आले. जुन्या कागदावर कोटाचे दोन भाग बेतून कापले, एक डावा, एक उजवा, आणि तो आल्यावर त्याच्यापुढे सरकवले.

पोरानं ते नीट पाहिले. "चोख आहेत, बाबा. पण गिऱ्हाइकं आत येतानाच विचारतात, म्हातारा कापणार नाही ना?"

"अरे, मग गोळीचं सांग की त्यांना!" बायको तडकली.

"सांगितलं आई. तर म्हणतात, झोपेच्या गोळ्या खाणाऱ्याच्या हाती कापड कोण देईल?"

मास्तरांनी कागदाचे कपटे गोळा केले, कात्री फडक्यानं पुसली आणि पोराच्या बाजूला ठेवली. मग कोपऱ्यातलं स्टूल पायानं ओढलं.

"काजं कशाची राहिलीत?"

"त्या राखाडी कोटाची."

पहिल्याच झटक्यात त्यांनी सुई ओवली. ते पाहायला कुणाची मान वर नव्हती. कोट मांडीवर पसरून मास्तरांनी पहिला टाका घातला.