एकाच अंगठ्याची बातमी

आटपाडी तालुक्याच्या कोरड्या अंगाला पांढरमाळ नावाची वस्ती आहे. वस्तीला लागून दगडाची खाण आहे. तेथील बायका जाणत्या झाल्या की खडी फोडायला बसतात आणि म्हाताऱ्या झाल्या की उठतात. दीपमाला याच वस्तीतली. तिची आई बाळंतपणात गेली. बापाला कोयनानगरच्या धरण वसाहतीत काम लागले, तेथेच त्याने दुसरा संसार मांडला, आणि मुलीकडे येणारी वाट त्याला पुन्हा सापडली नाही. मुलीला वाढवले ते बापाच्या थोरल्या बहिणीने, रंगूबाईने. रंगूबाई लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन माहेरी परतली होती. तिने हातोडा उचलला तो दीपमाला सांगलीच्या कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत खाली ठेवला नाही.

दगड कोणाचे काही ठेवून घेत नाही असे म्हणतात. रंगूबाईच्या बोटांवरच्या रेषा मात्र त्याने ठेवून घेतल्या. वस्तीतल्या जवळजवळ सर्वच म्हाताऱ्यांची तीच अवस्था होती.

दीपमालाने सांगलीच्या एका दैनिकात बातमीदारी सुरू केली. हळदीचे सौदे, जिल्हा परिषदेच्या सभा, कुपवाडच्या कारखान्यांतील संप, असे जे मिळेल ते तिने लिहिले. तेथील वृत्तसंपादक मानसिंगराव यांनी तिला पहिल्याच आठवड्यात सांगितले होते, "बातमी ज्याच्यावर आहे त्याला छापायच्या आधी एकदा विचारायचं. तो शिव्या देईल. देऊ दे. पण विचारायचं." चार वर्षे ती हा नियम पाळत राहिली. पुढे मुंबईच्या एका वृत्तपत्राने तिला आपल्या दिल्ली कार्यालयात घेतले.

दिल्लीत मराठी वार्ताहराला खुर्ची मिळते, परंतु ती मागची असते. दीपमाला सहा वर्षे मंत्रालयांच्या फाटकाबाहेर उन्हात उभी राहिली. मंत्र्यांच्या गाड्या तिच्या अंगावर धूळ उडवून जात. "मॅडम, आपका पेपर पढ़ता कौन है?" असे एका मंत्र्याच्या सचिवाने तिला दहा जणांसमोर विचारले होते, आणि ते दहाही जण हसले होते. त्या हसण्याने तिच्या मनात जे पेटले ते नंतर विझले नाही.

कार्यालयाचे प्रमुख धैर्यशील इनामदार यांनी एके दिवशी तिला बोलावले. केंद्रीय मंत्रिमंडळाचे वृत्तांकन करणारे ज्येष्ठ वार्ताहर मार्च महिन्यात निवृत्त होणार होते.

"ती जागा पाहिजे ना?" इनामदार म्हणाले. "मग सभागृह हलेल अशी एक बातमी आण. नमस्कार करणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत."

महिनाभरात तिच्या हाती एक यादी आली. निराधार वृद्ध स्त्रियांना दरमहा धान्य देण्याची केंद्राची एक योजना होती. नोंदणी करताना यंत्रावर अंगठा उमटवावा लागे. एका नाराज अधिकाऱ्याने दिलेल्या त्या यादीत एका ठिकाणच्या बावीस स्त्रियांच्या नावापुढे एकच अंगठा होता. ते ठिकाण म्हणजे पांढरमाळ वस्ती, तालुका आटपाडी.

दीपमालाला एका क्षणात सर्व कळले. हे येथे स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण पुढे तिने अनेकांना सांगितले की आपल्याला कळले नव्हते. दिवाळीत रंगूबाईने फोनवर तिला ही हकिकत गंमत म्हणून ऐकवली होती. यंत्र म्हाताऱ्यांची बोटे घेईना. फक्त चंद्राबाईचे बोट घेई, कारण ती जन्माची लंगडी असल्यामुळे खाणीवर न जाता घरी शेवया वळीत बसे. नोंदणीला आलेला माणूस वैतागला आणि त्याने बावीस नावांवर चंद्राबाईचाच अंगठा लावून घेतला. "आमा समद्यांत मिळून एकच अंगठा हाय बग," रंगूबाई हसत म्हणाली होती. "सरकारला तेवढा बास झाला."

दीपमालाने फोन उचलला आणि पुन्हा ठेवला. विचारले असते तर रंगूबाईने खरे तेच सांगितले असते, आणि मग बातमी जागच्या जागी मेली असती. तिने विचारले नाही.

'एक अंगठा, बावीस म्हाताऱ्या' हा मथळा मंगळवारी पहिल्या पानावर आला. बुधवारी विरोधकांनी सभागृहात वृत्तपत्र फडकावले. मंत्री उभे राहिले. बावीस नावे त्याच दिवशी रद्द करण्यात आली आहेत आणि चौकशीचा आदेश दिला आहे, असे त्यांनी सांगितले. बाके वाजली. संध्याकाळी, तिचा पेपर वाचतं कोण असे विचारणाऱ्या त्याच सचिवाने दीपमालासाठी पुढची खुर्ची स्वतः ओढून दिली. दूरचित्रवाणीवर तिला विचारण्यात आले, हा तर तुमचाच तालुका ना? ती म्हणाली, "पत्रकाराला घर नसतं." हे वाक्य लोकांना फार आवडले.

दोन दिवसांनी रंगूबाईचा फोन आला.

"दीपे, रेशन दुकानच्या दादासोनं पेपर वाचून दावला. तुजा फोटू लय ग्वाड आलाय."

दीपमालाने खोलीचे दार लोटून घेतले.

"खाली लिवलंय त्यात आमी चोर हाय म्हनं."

"आत्ती, तसं नाही गं. चौकशी होईल. खरं काय ते बाहेर येईल."

"बाहेर याया ते दडलं हुतं कुटं? तुला ठावं हुतं की."

"मी बघते काय करायचं ते."

"बग बाई. चंद्रीनं दोन दिस तोंडात घास घातला न्हाई. माजा हात तोडा म्हनती. शालूबाई म्हनली, तोड आन् दिल्लीला धाड. तितं लय मागणी हाय त्येला."

चौकशी आटपाडीच्या तहसील कचेरीत ठेवली होती. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने दीपमालालाही बोलावणे धाडले. तो मनुष्य वाईट नव्हता. त्याने फोनवर सरळ सांगितले, "या बावीस बायका खऱ्या आहेत, वेगवेगळ्या आहेत आणि मी त्यांना ओळखते, एवढं तुम्ही सही करून द्या. नावं त्याच दिवशी परत लावतो. चंद्राबाईवरचा गुन्हाही टळेल." परंतु तो कागद दिल्लीला जाणार होता. तो सभागृहात वाचला गेला असता आणि वार्ताहराला सत्य आधीच ठाऊक होते हे देशाला कळले असते. मंत्रिमंडळाच्या वृत्तांकनाच्या जागेचा निर्णयही त्याच आठवड्यात व्हायचा होता.

"जा," इनामदार म्हणाले. "न गेलीस तर घाबरली म्हणतील. पण सही करू नकोस. एका सहीत दहा वर्षं जातील."

कचेरीच्या ओसरीवर म्हाताऱ्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. भल्या सकाळी टेम्पोतून त्यांना आणून सोडले होते आणि दुपारपर्यंत कोणी पाणी विचारले नव्हते. दीपमाला गाडीतून उतरली तेव्हा रंगूबाई उठली. तिने भाचीच्या तोंडावरून हात फिरवला आणि मागे वळून सर्वांना म्हणाली, "आली गं माजी लेक. आता झालं काम."

आत गेल्यावर अधिकाऱ्याने रंगूबाईकडे बोट दाखवले. "या बाईंना ओळखता?"

"माझी आत्या आहे."

"मग त्या खऱ्या आहेत एवढं तरी लिहून द्या. बाकीच्यांचं मी बघतो."

दीपमालाने कागदाकडे पाहिले. पेन तिच्या समोर ठेवले होते. ती म्हणाली, "अंगठा एकच आहे असं मी लिहिलं. तो एकच आहे. माझ्या बातमीत चूक नाही. यापलीकडे लिहून देणं हे पत्रकाराचं काम नाही."

दारात उभी असलेली, बावीस जणींतलीच शालूबाई खदखदून हसली. "आवं सायेब, तिला लिवाया लावू नगासा. तिनं लिवलं की जित्ती मानसं मरत्यात."

 रंगूबाई भाचीकडे असे पाहत होती जसे माणूस न फुटता फसलेल्या सुरुंगाकडे पाहतो: जवळ जावे की पळावे हे त्याला कळत नाही.

अधिकाऱ्याने फाइल मिटली. बावीस नावे रद्दच राहिली आणि चंद्राबाईवर गुन्हा दाखल झाला. चंद्राबाईला जीपमध्ये चढता येईना, म्हणून दोन शिपायांनी तिला पोत्यासारखे उचलून मागे टाकले. पोलीस ठाण्यात तिचा अंगठा पुन्हा यंत्रावर घेतला. तो पहिल्या खेपेलाच उमटला. "झकास अंगठा हाय म्हातारीचा," असे शिपाई म्हणाला. चाळीस दिवसांनी ती सुटून आली. नंतर तिने शेवया वळल्या नाहीत आणि ती कोणाशी बोललीही नाही. चैत्रात ती गेली.

दीपमालाला ती जागा मिळाली. मंत्र्यांच्या विमानात तिला आसन मिळाले आणि एक मोठा पुरस्कारही मिळाला. मानसिंगरावांनी पत्राने एवढेच विचारले, "विचारलं होतंस का?"  पांढरमाळला तिने गव्हाची चार पोती पाठवली. रंगूबाईने ती दादासोच्या दुकानासमोर उसवून ठेवली. आठ दिवस वस्तीच्या कोंबड्या तो गहू टिपत होत्या आणि म्हाताऱ्या रिकाम्या पोटी ओळीने बसून ते पाहत होत्या. एकीनेही मूठ उचलली नाही.

दोन वर्षांनी तेच मंत्री आटपाडीच्या दौऱ्यावर आले. दीपमाला त्यांच्या ताफ्यात होती. सभा सुरू व्हायला तासभर अवकाश होता, म्हणून ती गाडी घेऊन खाणीवर गेली. सत्तरी ओलांडलेली रंगूबाई पुन्हा खडी फोडीत बसली होती. भाचीला पाहून ती उठली, मुकादमाची खुर्ची ओढून आणली आणि पदराने पुसली.

"बसा म्याडम."

"आत्ती, मी दीपा."

"व्हय, वळकलं की. टीवीवर दिसतासा. काय इचारायचं आसंल ते बिगीनं इचारा. मला आजून चार पाट्या खडी फोडायची हाय."

"आत्ती, असं बोलू नको. मी चुकले."

रंगूबाईने हातोडा गुडघ्यावर ठेवला. "पेपरात आलंय का ते?"

"नाही."

"मग मला एकटीला कशापायी सांगतासा? मी काय सभागृह हाय व्हय?"

शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. दीपमालाच्या हातात दौऱ्याची वही उघडी होती. त्या वहीकडे पाहून रंगूबाई म्हणाली, "घ्या लिवून. रंगूबाई. वय बहात्तर. न्हवरा न्हाई. मूल न्हाई. भाऊ कोयनंला, तो असून न्हाई. भाची न्हाई. झालं?"

दीपमालाने खाली पाहिले. सवयीने तिच्या हाताने ते सर्व लिहून घेतले होते, शेवटच्या शब्दापर्यंत.

तिने वही मिटली आणि सभेला गेली. सभेत मंत्र्यांनी सांगितले की या तालुक्यात आता एकही बोगस लाभार्थी उरलेला नाही. ती बातमी दीपमालाने आटपाडीहूनच पाठवली. ती पहिल्या पानावर, तिच्या नावासह आली.