मूठभर लीद आणि आजोबांची शेगडी

तुम्ही हसणार हे मला माहीत आहे, तेव्हा चहा आधी पिऊन घ्या. नंतर ठसका लागला तर मी जबाबदार नाही.

नववीपर्यंत मी वर्गात स्वतःहून एकदाही हात वर केलेला नाही. हजेरीचा माझा 'हजर' पहिल्या बाकापर्यंतसुद्धा पोचत नाही. अशा मुलीला भेटायला शाळेच्या गेटवर घोडी यावी? आली. चांगली नटूनथटून आली. आणि तिला बोलावलं कुणी? मीच.

सुरुवात शेगडीपासून झाली. माझे आजोबा, म्हणजे आईचे बाबा, आमच्याकडेच राहतात. खडकी स्टेशनबाहेर त्यांचं चहाचं दुकान होतं. तिथे तीस वर्षं त्यांनी एकाच कोळशाच्या शेगडीवर चहा केला. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, तीन पायांची, दारावर द्राक्षांच्या घोसाची नक्षी. वयाने ती आजोबांहून मोठी; त्यांनीच ती एका बंद पडलेल्या बेकरीतून आणली होती. दुकान सुटल्यापासून आमच्या बाल्कनीत गंजत उभी होती, डोक्यावर मनी प्लँटची कुंडी घेऊन.

"पुढच्या रविवारी भंगारवाला येतोय," आईने जेवताना सांगितलं. "तिथे वॉशिंग मशीन ठेवायचंय."

आजोबा जेवून उठले आणि फडक्याने शेगडीवरची धूळ पुसत बसले. मला ते बघवेना.

"मी दुरुस्त करते," मी म्हणाले.

आईने माझ्याकडे पाहिलं. "बरं. रविवारी तिच्यावर चहा झाला तर ती राहील. नाही झाला तर तराजूवर चढेल."

गंज आजोबांनी आणि मी तारेच्या ब्रशने काढला. खरं काम आत होतं. बीड नुसतंच तापलं तर तडकतं, म्हणून आतून दोन बोटं जाड मातीचा थर लिंपावा लागतो. जुना थर बोट लावताच ढासळला. नवा लिंपायचा, तर सावलीत पाच-सहा दिवस वाळायला हवा. म्हणजे सोमवारी लिंपण झालंच पाहिजे.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी तशीच गणवेशात कुंभारवाड्यात गेले. तिथल्या मावशींनी माती पिशवीत भरून दिली आणि भर दुकानात खणखणीत आवाजात म्हणाल्या, "यात घोड्याची लीद घालायची. मूठभर, चाळून. न्हाय घातली तर माती भेगाळती."

माठ बघणारे दोन काका वळून माझ्याकडे बघायला लागले. मावशी पुढेही काहीतरी सांगत होत्या. पण लीद हा शब्द चार माणसांत उच्चारला गेल्यावर माझा पाय तिथे कसा टिकणार? मी मान डोलावली आणि निघाले. घरी पिशवी रिकामी केली, तर तळाशी कागदाची एक पुडी होती, कसलासा भुसा भरलेली. मातीबरोबर कचरा आला असेल म्हणून मी ती मनी प्लँटच्या कुंडीत झटकली.

पण ते घरी गेल्यावर. त्याआधी वाटेत मला घोडी दिसली.

पुलाखालच्या गल्लीत बबनकाका नावाचे गृहस्थ लग्नाच्या वरातीची घोडी बांधतात. मी तिच्यासमोर पाच मिनिटं नुसती उभी होते.

"काय पायजे बाळ? फोटो काढायचाय चांदणीचा?"

"लीद."

"काय?"

"थोडी लीद."

काकांनी घोडी घासायचा खरारा खाली ठेवला. "कशाला?"

आता तुम्हीच सांगा, आजोबा, बेकरी, वॉशिंग मशीन, एवढं सगळं मी अनोळखी माणसाला कुठून सांगणार? तोंडातून निघून गेलं, "शाळेच्या प्रकल्पाला."

काकांचा चेहराच बदलला. "पंधरा वर्षं झाली इथं घोडी बांधतोय. माणसं नाकाला रुमाल लावून जात्यात. मागायला आलेली तू पहिलीच बघ." त्यांनी वाकून माझ्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं. शाळेचं नाव वाचलं, माझं नाव वाचलं, तुकडी वाचली. "ओली नेऊ नको. वाळवून, चाळून देतो. सोमवारी पोचवतो."

पोचवतो म्हणजे नेमकं कुठे, हे मी विचारायला हवं होतं. मी मान डोलावली.

सोमवारी तिसऱ्या तासाला भूगोल चालू असताना खिडकीतून आवाज आला. टप, टप, टप. मागोमाग घुंगरू.

शिपाईमामा दारात उभे राहिले. "मृणाल कोण आहे? खाली तिच्यासाठी घोडी आलीय."

वर्गात जे झालं ते मी सांगत नाही. "नवरदेव पण आलाय का हो मामा?" एवढं एकच वाक्य मला जिना उतरेपर्यंत ऐकू येत होतं.

गेटवर चांदणी. दुपारची वरात असल्यामुळे अंगावर झूल, डोक्यावर तुरा. बाजूला फेटा बांधलेले बबनकाका आणि त्यांच्या पायाशी मूठभर नव्हे, एक गच्च भरलेलं पोतं. समोर मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"या. आम्हाला पत्रिका मिळाली नाही, म्हणून विचारते. मुहूर्त कितीचा आहे?"

"बाई, तुमच्या शाळेचं कौतुक हाय," काका हात जोडून म्हणाले. "लिदीवर प्रकल्प म्हणजे साधी गोष्ट न्हाय. दोन दिवस वाळवली, तीनदा चाळली."

"कुठला प्रकल्प?"

चांदणीने शेपटी हलवली. काकांनी आधी बाईंकडे, मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचे जोडलेले हात हळूहळू खाली आले. मी गप्प राहिले तर ते पोतं उचलून परत जाणार होते. पोतं गेलं की लिंपण गेलं, आणि रविवारी शेगडी तराजूवर. वर, माझ्यामुळे या भल्या माणसाचा चारचौघांत पोपट झाला असता.

"शेगडीचा," मी म्हणाले.

"मोठ्याने."

"शेगडीचा. प्रकल्प नाहीये, मी खोटं बोलले. आजोबांची शेगडी आहे, आई ती भंगारात देणार आहे, आतून लिंपायची आहे, त्यात लीद लागते आणि काकांची काही चूक नाही."

एवढी वाक्यं मी शाळेत पहिल्यांदाच सलग बोलले होते. बाईंनी वाकून पोत्यात डोकावून पाहिलं.

"पोतं वॉचमनच्या खोलीमागे ठेवा," त्या म्हणाल्या. "शाळा सुटल्यावर ही नेईल. आणि मृणाल, प्रकल्प म्हणालीस ना? मग आता होऊ दे. शुक्रवारी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेला सांगायचं, लीद कशाला लागते ते."

त्याच संध्याकाळी आजोबांनी आणि मी शेगडी आतून लिंपली. शुक्रवारी मी शाळेत सांगितलं. माईक होता, त्यामुळे शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. तेव्हापासून शाळेत मला मृणाल कुणी म्हणत नाही. 'लीद' म्हणतात, दुसरं काय!

रविवार उजाडला. भंगारवाला तराजू घेऊन दारात बसला. आजोबांनी आधी चार निखारे टाकले, मग आठ, मग सुपलीभर कोळसे. आम्ही सगळे वाकून आत बघत होतो. टक, असा आवाज आला. आजोबांचा हात हवेतच थांबला.

"वहिनी, तापायच्या आत तोलून घेऊ का?" भंगारवाल्याने विचारलं.

पुन्हा टक. आजोबांनी चिमट्याने निखारे बाजूला सारले आणि आत बघितलं. लिंपणाला भेग नव्हती. आवाज कोळशाचा होता. अर्ध्या तासाने चहा उकळला. पहिला कप आजोबांनी भंगारवाल्याला दिला, दुसरा आईला. आईने तो संपवला आणि म्हणाली, "मशीन बाथरूममध्ये मावेल बहुतेक."

तेवढ्यात आजोबांनी बोलावलेल्या कुंभारवाड्यातल्या मावशी आल्या. त्यांनी शेगडीत डोकावून पाहिलं. "बेस लिंपलीयस की गं. पण ही लीद कुठनं आणलीस?"

मी सांगितलं. घोडी, गेट, मोठ्या बाई, शुक्रवार, सगळं. मावशींनी कप खाली ठेवला.

"अगं, लीद आता कुठं मिळतीय? म्हणूनच म्हटलं न्हवतं का तुला, लीद नसली तर भाताचा तूस चालतो, पुडी बांधून पिशवीत टाकलीय म्हणून?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मनी प्लँटच्या कुंडीकडे पाहिलं.

"आता पुढं एक ध्यानात ठेव," मावशी सांगू लागल्या. "शेगडी इझवताना..."

मी मान डोलावली आणि कप उचलून आत जायला निघाले. मागून आजोबांनी माझी वेणी धरली.

"बस खाली," ते म्हणाले. "आधी पूर्ण ऐक."