अप्पांना कळलं तर पोस्ट होईल

मागच्या रविवारी माझ्यावर घोर अन्याय झाला. लेकीच्या पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावीच्या, कॉलेजने पालक आणि मुलं दोघांसाठी सिनेमा ठेवला आणि आम्हाला बसवलं विद्यार्थ्यांच्या बेंचवर. सतरा वर्षांच्या पोरांच्या मापाच्या त्या फटीत पन्नाशीकडे झुकलेलं पोट घालून दोन तास... इंटरव्हल नाही, चहा नाही.

बीदरच्या नौबादहून पहाटेची बस धरून कलबुर्गीला यासाठी आलो का, असा जाहीर सवाल मी शेजाऱ्यांना केला. ते निर्णा गावचे शेतकरी. म्हणाले, "गप बसा की हो सर. तुमचं पोट अडकलंय, माझे गुडघे. पिच्चर तर बघू."

सिनेमा होता एका अकरावीतल्या मुलाचा. तो आतून विझत जातो आणि शेवटी जीव देतो. मला वाटलं, बाप खलनायक असेल... मार्क, छडी, आरडाओरडा. मग मी निर्धास्त बसलो असतो.

पण बाप निघाला विनोदी. घरात सतत कोट्या, सगळे हसतात, आणि मुलगा सगळ्यात जास्त हसतो.

मी हळूच मुलींच्या रांगेकडे पाहिलं. भाग्या, माझी लेक, पडद्याकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती.

पुढचा सिनेमा मला नीट आठवत नाही. मी तिचे दिवाळीपासूनचे फोन आठवत होतो. 'बरंय.' 'हो.' 'ठेवते.' आणि त्यावरही मी विनोद केला होता, की हिला शब्दाला टॅक्स पडतो काय...

सिनेमा संपल्यावर कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या, आज आपल्या मुलाला सरळ विचारा, मरावंसं वाटतं का. याच शब्दांत. विचारल्याने डोक्यात नसलेलं येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. आम्ही सगळ्यांनी समजूतदार माना डोलावल्या.

आणि व्हरांड्यात येऊन सगळ्यांनी विचारलं, "जेवलास का?" पलीकडे कन्नडमध्ये "ऊट आयता?" खांबापाशी एक अम्मी, "खाना खाए क्या?" तीन भाषा, एक पळवाट.

मी त्यांच्याहून शूर. मी विचारलं, "तुझ्या चपलेचा अंगठा तुटलाय काय गं?"

भाग्या म्हणाली, "अप्पा, कामून टाळायलात? विचारा की."

फेसबुकवर विनोदी पोस्ट लिहून नाव कमावलेला माणूस मी. कसंबसं विचारलं.

"व्हय," ती म्हणाली. "दिवाळीनंतर. लय दिवस."

मी विचारलं, "आन् आता?"

"आता कमी झालंय. डॉक्टरकडं जायलेय. गोळ्या चालू हायत. आईला ठाऊक हाय. ती म्हणली, अप्पाला तूच सांग, तुला जमंल तवा."

"मला कामून न्हाई सांगितलंस?"

ती म्हणाली, "तुम्ही त्याच्यावर बी कायतरी लिवलं असतं."



मग ती सांगत गेली. तिचं ताट दोन दिवस तसंच परत येतंय, हे सगळ्यात आधी दिसलं हॉस्टेलच्या मेसमध्ये भाकऱ्या करणाऱ्या अक्कांना. त्यांनी प्रश्न विचारले नाहीत. स्वयंपाकघरात नेऊन शेजारी बसवलं आणि भाकरी थापायला लावली. चौथ्या दिवशी पिठात हात असतानाच ही बोलली. त्याच संध्याकाळी अक्कांनी वॉर्डनला सांगितलं, वॉर्डनने आईला.

या अक्का तुम्हाला माहीत आहेत. त्यांच्याच भाकरीवर मी गेल्या वर्षी लिहिलं होतं... इतकी जाड की रणगाड्याला चिलखत होईल वगैरे. तुम्ही पोट धरून हसला होतात. भाग्याच्या वर्गातही ती पोस्ट फिरली होती. हे मला आत्ता कळलं.

आठवडाभर रोज फोन केला, रोज तोच प्रश्न, त्याच शब्दांत. एक दिवस तिने फोन उशिरा उचलला, तर मी दारात चप्पल घालून उभा होतो.

काल पुन्हा कलबुर्गीला गेलो. इथपर्यंतचं सगळं भाग्याला वाचून दाखवलं. तिने दोन वाक्यं काढायला लावली, काढली. "बाकी राहू द्या," म्हणाली.

मग एकटाच मेसच्या स्वयंपाकघरात गेलो. अक्कांना मराठी वाचता येत नाही. त्या पोस्टचा त्यांना पत्ताही नव्हता, गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. मोबाईल काढला आणि आख्खी पोस्ट कन्नडमध्ये सांगितली, एकही ओळ न गाळता.

त्या थापत थापत ऐकत होत्या. दोन भाकऱ्या झाल्यावर म्हणाल्या, "त्या हप्त्यात पीठ जाड दळून आलतं, सर."

मी त्यांच्यासमोरच पोस्ट काढून टाकली. त्यांनी तिसऱ्या भाकरीला पाणी लावलं.