पंख्याच्या टोपीतली तारीख

त्या दुपारची चौकशी मी अजून विसरलेलो नाही, कारण तीत संशयितापेक्षा माझीच उलटतपासणी जास्त झाली.

जालना जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. गावात एका मान्यवरांच्या हस्ते पाणपोईचं उद्घाटन झालं. त्यासाठी हेलिकॉप्टर आलं आणि ठाण्यात एक जमादार सोडून आमचे झाडून सारे कर्मचारी बंदोबस्ताला गेले. पाणपोईत पाणी कधी आलं, हा विषय माझ्या हद्दीतला नव्हता. त्याच दुपारी, शिवारातली माणसं हेलिकॉप्टर बघायला गेली असताना, तीन विहिरींवरच्या मोटारी फोडून कोणीतरी आतली तांब्याची तार नेली.

दोन दिवसांनी आमचा जुना खबऱ्या आला. "साहेब, तांबं गेलं तर तांब्याचाच कारागीर बघा की. सेठजीच्या दुकानातला, जेलातून आल्ता तो. त्या दिवशी कामावर न्हवता बिलकुल."

तो पोरगा तेवीस वर्षांचा. एकोणिसाव्या वर्षी मित्रांबरोबर एका लुटीत सापडला, शिक्षा भोगली, आत असताना मोटार वायंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटारीत-पंख्यात तांब्याची तार नव्याने भरायचं काम, शिकला. सुटल्यावर कित्येक महिने कोणी दारात उभं केलं नाही. शेवटी बाजारपेठेतल्या एका मारवाडी सेठजींनी आपल्या वायंडिंगच्या दुकानात ठेवून घेतलं.

आठवडी बाजाराच्या दिवशी, भर गर्दीत, दुकानासमोर जीप लावून आम्ही त्याला उचललं. सेठजी एवढंच म्हणाले, "त्या दिवशी नव्हता साहेब. ताप आला म्हणून फोन होता." घरी विचारलं, तर ताप वगैरे काही नव्हता, सकाळी डबा घेऊन गेला होता. खोटं सापडलं की पोलिसाला अर्धा गुन्हा उघड झाल्यासारखं वाटतं.

"कुठं होतास?"

"इथं."

"इथं म्हणजे?"

"इथंच साहेब. ठाण्यात. बाहेरच्या बाकड्यावर, नऊपासून दिवेलागणीपर्यंत."

मावशीच्या तेराव्यापासून दवाखान्यातल्या सलाईनपर्यंत सगळे बहाणे मी ऐकले होते. पण माझ्याच ठाण्याला साक्षीदार करणारा हा पहिलाच. स्टेशन डायरी मागवली. नोंद नव्हती. त्या दिवशी ठाण्यात थांबलेल्या जमादारांना बोलावलं.

"न्हाई साहेब, कुणी आल्तं न्हाई," ते डायरीकडे बघत म्हणाले.

पोराने वर बोट दाखवलं. "साहेब, हा पंखा मीच भरला त्या दिवशी. जमादार काका म्हणले, बसूनच राह्यलास तर एवढं कर. तार बी त्यांनीच आणली. खोलून बघा, टोपीच्या आत तारीख हाय. सेठजी दुकानात टाकायलाच लावतात. गिऱ्हाईक भांडायला आलं तर कुणाच्या हातचं काम, ते कळाया पायजे. हाताला सवय झाली."

पंखा उतरवला. आत मार्करने त्याच दिवसाची तारीख, वेढ्यांचा आकडा आणि त्याच्या नावाचं आद्याक्षर. खबर आल्यापासून मी त्याच पंख्याच्या वाऱ्यात बसून त्याच्यावर संशय घेत होतो. वायंडिंगच्या दुकानाची शिस्त आमच्या डायरीपेक्षा चांगली निघाली.

जमादारांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "तुम्हीच म्हणले होते ना साहेब, यादीतल्यांवर लक्ष ठेवा. आमी दर दौऱ्याला असंच ठिवतो. बसवून."

त्यांचं खरं होतं. दौऱ्याआधी जुन्या गुन्हेगारांची यादी निघते आणि मी तिच्यावर 'लक्ष ठेवावे' असा शेरा मारतो. खाली त्याचा अर्थ काय होतो, हे मी कधी विचारलं नव्हतं. नोंद नसते, कारण असं बसवायचा अधिकारच नसतो.

"मग सेठजींना ताप का सांगितलास?"

"काय सांगू मंग? पोलिसानं बसवलं म्हणून? ठिवलं असतं का त्यांनी?"

सेठजींना फोन केला, पोरगा निर्दोष आहे, पाठवून देतो. ते म्हणाले, "नेताना जीप आली होती साहेब, साऱ्या बाजारानं पाहिली. चालत आला तर लोक म्हणतील, पळून आला. आणतानाही जीपच आणा."

मी गणवेशात, त्याला पुढच्या सीटवर बसवून गेलो आणि गिऱ्हाइकांसमोर सांगितलं, "त्या दिवशी हा ठाण्यात आमचा पंखा भरत होता. चूक आमची आहे."

सेठजींनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "आणि तुला ताप होता ना रे? पुढच्या वेळी पोलिसानं बसवलं तर 'पोलिसानं बसवलं' असंच बराबर सांग. चल, तो कूलर खोल जल्दी."

चोरीची तार पुढे मंठ्याच्या रस्त्यावर नाकाबंदीत मिळाली. दोघं होते, आमच्या कुठल्याच यादीत नसलेले. डायरीत मी उशिरा का होईना नोंद घेतली. वरून खुलासा मागवला गेला, तो दिला. पोराचं नाव यादीतून काढण्यासाठी पत्रंही लिहिली. यादीत नाव घालायला एक सही लागते. काढायला किती लागतात, हे मला निवृत्तीपर्यंत कळलं नाही.

दोन महिन्यांनी पुन्हा कोणाचा तरी दौरा आला. सकाळी नऊला पोरगा डबा घेऊन ठाण्याच्या दारात उभा.

"कोणी बोलावलं?"

"कुणी न्हाई. दौरा हाय म्हणून आलो. सेठजींना खरं सांगून आलो या टायमाला."

"कामावर जा."

तो हलेना. "पक्कं ना साहेब? मागून जीप न्हाई ना येणार?"

न्यायालयाची शिक्षा तुरुंगाच्या दारात संपते, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. त्यापुढची आम्ही देत होतो, कुठेही नोंद न करता. मी डायरी ओढली आणि त्याच्यासमोर लिहिलं: 'सदर इसम स्वतःहून हजर. त्यास कामावर जाण्यास सांगितले.' वेळ टाकली, सही केली आणि डायरी त्याच्याकडे फिरवली.

त्याने ती दोनदा वाचली. मग डबा उचलला आणि गेला.