येडशीला घोडीची शेपूट धुतली तेव्हा

फौजेत माझी बावीस वर्षं गेली, पण हातात बंदुकीपेक्षा खरारा जास्त वेळ होता. आमचं युनिट जनावरांचं होतं. घोडे आणि खेचरं शिकवून तयार करायची आणि पुढं पाठवायची, हे आमचं काम. पायदळात ज्याला हवालदार म्हणतात त्याला आमच्याकडं दफेदार म्हणतात, आणि शिपायाला सवार. मी दफेदार म्हणून निवृत्त झालो. गाव कळंब तालुक्यात.

सवार बालाजी माझ्या ट्रूपमध्ये आला तेव्हा बावीस वर्षांचा होता. पहिल्याच फॉलइनला, रांगेत हजेरी घेताना, तो "जी साब"च्या ऐवजी "व्हय साब" म्हणाला आणि मी मान वर केली. विचारलं, तर आमच्याच जिल्ह्यातल्या येडशीचा निघाला. त्याच्या वडिलांकडं लग्नात नवरदेवाला बसायला देतात ती पांढरी घोडी होती. त्यामुळं जनावराची भीती म्हणजे काय, ते त्याला माहीतच नव्हतं.

पहाटे पाचला स्टेबल. आधी पाणी, मग लीद काढायची, मग खरारा, मग चारही खूर उचलून बघायचे. परेडसाठी सहा पांढरे घोडे होते आणि जास्त काम त्यांचंच असायचं. पांढरा घोडा रात्री स्वतःच्या मुतात नि लिदीत बसतो आणि सकाळी त्याची शेपूट हळद लावल्यासारखी पिवळी असते. आयाळ घामानं पिवळी पडते. ती पांढरी करायची तर सौम्य साबण, भरपूर पाणी आणि शेवटी निळीचे चार थेंब लागतात. बाकी सगळा सबुरीचा मामला.

बालाजीकडं सबुरी नव्हती. एका परेडच्या आदल्या दिवशी त्यानं बादलीत निळीची अर्धी बाटली ओतली. दुपारी कमांडिंग ऑफिसर इन्स्पेक्शनला आले आणि घोड्याच्या मागं थांबले.

"दफेदार, यह घोड़ा है या मोर?"

"घोड़ा है, साब. शाम तक धुल जाएगा."

चार वाजल्यापासून अंधार पडेपर्यंत बालाजीनं ती शेपूट धुतली. मी शेजारी उभा राहून पाणी ओतलं. तो सारखा हसत होता, आणि मला रागावता येत नव्हतं.

चार वर्षांनी आम्ही दोघं डोंगरातल्या डेपोत होतो. तिथून वरच्या चौकीवर खेचरं पोचवताना दरड कोसळली आणि बालाजी गेला. त्या पार्टीचा कमांडर मी होतो. पेटी घेऊन येडशीला मीच आलो. त्या दिवशी इतकी गर्दी होती की त्याच्या वडिलांशी एक शब्द बोलता आला नाही. खरं सांगायचं तर मी तसा प्रयत्नही केला नाही. पुढं सहा वर्षं सुट्टीवर यायचो, पण येडशीचा फाटा टाळायचो.

यंदा निवृत्त झालो. बालाजीच्या शाळेतून फोन आला, स्मृतिदिनाला या म्हणून. मी आदल्या दिवशी दुपारी तीनला एसटीनं उतरलो आणि थेट त्यांच्या घराकडं गेलो.

ज्ञानोबाकाका, म्हणजे बालाजीचे वडील, घरामागं गोठ्यात होते. वय सत्तरीच्या पुढं, डोळ्यांना मोतीबिंदू. त्यांची घोडी चंद्री दाव्याला बांधलेली होती. आता ती लग्नाला जात नाही. वर्षातून एकदाच बाहेर निघते, बालाजीच्या दिवशी शाळेपर्यंतच्या फेरीत पुढं चालायला. आयाळ मळकट झाली होती आणि शेपूट पार पिवळी पडली होती.

मी बांधावर असतानाच वास आला. ब्लीचिंग पावडर. टाकीत टाकायला आणलेली पावडर काकांनी बादलीत कालवली होती, आणि घोडीच्या बरोबर मागं वाकून ते शेपटीचं टोक त्या पाण्यात बुडवत होते. चंद्रीचे कान मागं वळले होते. मागचा उजवा पाय तिनं हलका केला होता. जनावर लाथ मारायच्या आधी असाच पाय हलका करतं.

"काका, हलू नका."

आवाज परेडवरचा निघाला. काका थबकले. मी घोडीच्या खांद्याकडून तिला दिसेल असा गेलो, दावं धरलं, मानेवर हात ठेवला.

"आता शेपूट सोडा. डावीकडं दोन पावलं. हळू."

काका बाजूला झाले. चंद्रीनं पाय झाडलाच. बादली भिंतीवर जाऊन आपटली आणि पाणी सांडलं.

"कोण हाय?" काकांनी विचारलं.

"बालाजीचा दफेदार."

मी आधी काम उरकलं. शेपूट साध्या पाण्यानं वीस मिनिटं धुतली. मागच्या पायांवरही पाणी मारलं, सांडलेल्या जागेवरनं घोडी हलवली. शेपटीच्या टोकाचे केस थोडे राठ झाले होते, पण कातडीपर्यंत काही पोचलं नव्हतं.

"लई पिवळी झालती वो," काका म्हणाले. "म्हणलं, पोराच्या दिवशी अशी कशी न्यायची? कापडं पांढरी हुत्यात ना त्यानं, मग केसं का न्हाय व्हायची?"

"होतात. पण केस जळतात, कातडी सोलते. डोळ्यात उडालं असतं तर तुमचाही डोळा गेला असता. मी धुतो. तुम्ही पाणी घाला."

लहान मुलांचा शाम्पू आणि निळीची बाटली दुकानातून आणली. घोडीच्या बाजूला, मागच्या पायाला लागून उभा राहिलो. शेपूट खालच्या टोकाकडून बोटांनी सोडवत वर आलो. वरून विंचरलं तर केस तुटतात. फेस करून पाच मिनिटं ठेवला, मग पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतला. असं तीनदा केलं. मग नव्या बादलीत निळीचे मोजके थेंब टाकले, पाणी जेमतेम निळसर दिसेल इतकेच. आधी एक बट बुडवून बघितली. मग शेपटीचे केस मिनिटभर बुडवले आणि पुन्हा धुतले. शेपटीच्या मुळाशी कातडीला नीळ लागू दिली नाही. आयाळीलाही तसंच केलं, डोळ्यांवर हात आडवा धरून.

काका तांब्यानं पाणी घालत होते. मी त्यांना मोराची गोष्ट सांगितली. ते हसले. मग त्यांनी तांब्या पुन्हा भरून घेतला.

"दफेदार," ते म्हणाले, "तुमी हुतात ना तितं?"

"होतो."

"मग सांगा."

मी शेपूट हातातून सोडली नाही. जसं घडलं तसं सांगितलं.

सकाळी साडेपाचला निघालो. तीन माणसं, चार खेचरं. बालाजी सगळ्यात मागं. सव्वानऊला वरून दगड सुटायला लागले. मी ओरडलो, "कव्हर! कपारीत या!" आम्ही दोघं तीन खेचरं घेऊन कपारीत शिरलो. चौथं खेचर वाटेत अडलं. नवीन होतं, घाबरलं होतं. मी बालाजीला म्हणालो, "दोर सोड, आत ये." तो म्हणाला, "साब, एक मिनट." त्यानं खेचराच्या डोळ्यांवर स्वतःचा मफलर टाकला, त्याच्याशी बोलत बोलत त्याला आत आणलं. खेचर आत आलं. तो दोन पावलं मागं होता. दगड त्याच्या पाठीवर पडला.

मी वायरलेस सेटवर बोललो. "बेस, एक कॅज्युअल्टी, गंभीर. हेलिकॉप्टर पाठवा. ओव्हर." उत्तर आलं, "ढग आहेत. उड्डाण शक्य नाही. पार्टी पायी निघते आहे. ओव्हर." मदतीची पार्टी यायला दोन तास लागणार होते. बालाजी चाळीस मिनिटं जिवंत होता.

"तरास झाला का त्याला?"

"सुरुवातीला झाला. मग कमरेखाली काही कळत नव्हतं. डोकं माझ्या मांडीवर होतं."

काकांनी तांब्या खाली ठेवला. "शेवटाला काय म्हणला? माझं नाव घेतलं का?"

या प्रश्नाला मी सहा वर्षं भीत होतो. उत्तर सोपं होतं. हो म्हटलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. चंद्री शांत उभी होती. मी म्हणालो,

"नाही, काका. त्यानं विचारलं, खेचराला लागलं का? मी म्हणालो, नाही, उभं आहे. तर म्हणाला, त्याला पाणी पाजा साब, लई भ्यालंय. नंतर काही बोलला नाही."

काका भिंतीला टेकून खाली बसले. खांद्यावरच्या उपरण्यानं तोंड पुसलं. मी तसाच उभा राहिलो.

"लई जणांनी सांगितलं," ते म्हणाले, "शेवटाला तुमचं नाव घेतलं, देशाचं नाव घेतलं. म्या ऐकून घ्यायचो. पर मनात म्हणायचो, ह्यो आपला बाळू न्हाय. त्यो असं कदी बोलायचाच न्हाय." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "ह्यो मातर त्योच हाय. बरं झालं, तू खरं बोललास, लेकरा."

"मी त्याला मागं चालायला लावलं होतं, काका."

"कुणाला तरी मागं चालावंच लागतंय," ते म्हणाले. "लई राबलास. चहा घे."

शेपूट पूर्ण पांढरी झाली नाही. सायीसारखी झाली. जुना पिवळेपणा एका धुण्यात जात नाही, तो नवीन केस येईल तसाच जातो. रात्री खाली कोरडा कडबा पसरला, शेपटीला सुती कापड सैल गुंडाळलं.

सकाळी आठला फेरी निघाली. चंद्री पुढं, तिच्या एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला मी. शाळेत हेडमास्तर बोलले, सरपंच बोलले. मग काकांना माइक दिला. दर वर्षी ते नुसते हात जोडायचे, असं हेडमास्तरांनी मला सांगितलं होतं. या वेळी माइक धरून उभे राहिले.

"माजा बाळू," ते म्हणाले, "जाताना म्हणला, भ्यालेल्या खेचराला पाणी पाजा. त्याचा बाप म्हणून मला तेवडंच सांगायचंय."

मी सावधानमध्ये उभा राहिलो आणि सॅल्यूट केला. सवार बालाजी ज्ञानोबा, वय सव्वीस, राहणार येडशी. दरड कोसळली त्या सकाळची चारही खेचरं दुसऱ्या दिवशी चौकीवर पोचली.