शाल नको, पाटी काढा

मंडळी, आज दुपारी आमच्या सोसायटीत माझ्या नातीचा सत्कार झाला. नेहा देशाकडून खेळली, बॅटिंगही केली आणि बोलिंगही. खांदा कामातून गेला, म्हणून आता थांबली.

सेक्रेटरी माइकवर म्हणाले, "ही आपल्या पार्किंगमध्येच घडली."

घडली कसली! याच माणसाने तिथे पाटी ठोकली होती, 'मुलींनी येथे क्रिकेट खेळू नये'. मुलगे खेळलेले चालायचे. मग ही रोज स्वारगेटला बस बदलून लांबच्या मैदानावर जायची. आज त्याच पाटीवर तिच्या फोटोचा फ्लेक्स बांधला होता.

नेहा म्हणाली, "काका, शाल राहू द्या. मागची पाटी काढा."

"अगं, त्याला ठराव लागतो. पुढच्या मीटिंगला बघू."

संध्याकाळी फ्लेक्स उतरवला. पाटी तशीच. तळमजल्यावरची चिमुरडी बॉल घेऊन आली, पाटी वाचली आणि परत गेली.

सेक्रेटरीला मी कोणत्या तोंडाने बोलू? तेव्हाच्या ठरावावर माझीही सही आहे. मला सही तेवढीच येत होती, पण कशावर करतेय ते चांगलं ठाऊक होतं.

तुमच्याकडच्या पाटीखाली कोणाकोणाची सही आहे?